बसची पाटी कोणासाठी?

माझी थोरली बहीण साखळीला दिली आहे. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करीत घाट उतरला की केरी लागते आणि केरीनंतर साखळी. अक्काच्या लग्नाला पन्नासहून अधिक वर्षे झाली. माहेर खानापूर तालुक्यातले, शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. आज ती घरात कोकणी बोलते, बाजारात कोकणी बोलते, नातवंडांना कोकणीत रागावते. वाचायचे मात्र मराठी. सकाळचे वर्तमानपत्र, हरिपाठ, देवळाच्या भिंतीवरची नोटीस, औषधाच्या पुडीवर मुलाने लिहून दिलेल्या वेळा, हे सारे देवनागरीत. गोव्यात अशा अक्का गावोगावी आहेत. त्यांची बोलायची भाषा एक आणि वाचायची भाषा दुसरी, पण लिपी एकच. त्यांना त्यात कधी अडचण वाटली नाही. अडचण आली ती पणजीच्या बसस्टँडवर.

अक्काला दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी बांबोळीला जावे लागते. एरवी मुलगा बरोबर असतो. एकदा त्याला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून ती एकटीच निघाली. पहाटेची गाडी पकडून साडेसातला पणजीला उतरली. बांबोळीची गाडी कुठे लागते ते तिला ठाऊक होते. गाडी आली. काचेवर इंग्रजी पाटी. अक्काने शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाला विचारले, "बाबा, ही गाडी कुठं जाते?" तो बिचारा परप्रांतातून कामासाठी आलेला. त्याने पाटीवरची अक्षरे जुळवून प्रामाणिकपणे वाचून दाखवली, "बॅम्बोलिम." अक्काने मान हलवली आणि गाडी सोडून दिली. मागची गाडीही तशीच गेली. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर दारात लोंबकळत "बांबोळी, बांबोळी" असे ओरडला, तेव्हा ती चढली. पोहोचेपर्यंत तिचा नंबर होऊन गेला होता. त्या दिवशी तपासणी झाली नाही. चार दिवसांनी परत हेलपाटा.

मी भेटायला गेलो तेव्हा तिने ही हकीकत हसत हसत सांगितली. "अरे, तो आपला बॅम्बोलिम बॅम्बोलिम म्हणत होता. मला वाटलं, असेल कुठलं तरी नवं हॉटेल!"

मला मात्र हसू आले नाही. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली, वाचता येणारी, वाट माहीत असलेली बाई ज्या गावी जायचे त्या गावाचे नाव डोळ्यांसमोर असताना गाडी चुकते, तेव्हा अशिक्षित कोण? बाई की पाटी?

देवीला देवनागरी, प्रवाशाला इंग्रजी

पुढच्या खेपेला मी अक्काबरोबर गेलो आणि तिला बाकावर बसवून तासभर नुसत्या पाट्या पाहिल्या. पणजीचे बसस्टँड पाटोवर, शहराच्या तोंडाशीच आहे. म्हापशाकडून, फोंड्याकडून, मडगावाकडून येणाऱ्या गाड्या इथे येतात आणि रायबंदरच्या जुन्या बांधावरून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्याही येथूनच सुटतात. या तासाभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बहुतेक खासगी गाड्यांच्या काचेवर वरच्या बाजूला मालकाच्या कुलदेवतेचे नाव ठळक, सुबक देवनागरीत रंगवलेले होते, 'प्रसन्न' या शब्दासह. ख्रिस्ती मालकांच्या गाड्यांवर संतांची नावे रोमन लिपीत होती. ते त्यांच्या रीतीला धरूनच आहे. पण गाडी कुठे जाणार हे सांगणारी पाटी जवळजवळ सगळीकडे इंग्रजीत. म्हणजे देवीला देवनागरी येते असे मालकाने गृहीत धरले आहे. प्रवाशाला ती येत असेल असे मात्र त्याला वाटत नाही!

गोव्यातील गावांच्या इंग्रजी पाट्यांचा घोटाळा इतर प्रांतांपेक्षा वेगळा आहे, कारण ही स्पेलिंगे मुळात इंग्रजांनी केलेलीच नाहीत. ती पोर्तुगिजांची. पोर्तुगीज लिखाणात शब्दाच्या शेवटी 'एम' आला की तो 'म' म्हणून उच्चारायचा नसतो. त्याच्या आधीचा स्वर नाकातून काढायचा असतो. कोकणी गावांच्या नावातला अनुस्वार दाखवण्याची ती सोय होती. पोर्तुगीज गेले आणि त्यांचे वाचन गेले, पण स्पेलिंग राहिले. आता तेच स्पेलिंग इंग्रजी म्हणून वाचले जाते. त्यामुळे साखळीचे 'सँक्वेलिम' होते, डिचोलीचे 'बिचोलिम', केप्याचे 'क्वेपेम', पेडण्याचे 'पेरनेम', कुंकळ्ळीचे 'कंकोलिम'. म्हापशाच्या पोर्तुगीज स्पेलिंगात 'सी' या अक्षराला खाली शेपटी होती. ती गळून पडली आणि गावाचे 'मापुसा' झाले. हळदोण्याची हळद गेली आणि 'आल्दोना' उरले. रायबंदर, ताळगाव, करंजाळे, मेर्शी, चिंबल या नावांचे अर्थ आणि उच्चार गावच्या माणसाच्या तोंडी जिवंत आहेत, पण पाटीवर ते सापडत नाहीत.

ही नुसती अभिमानाची बाब असती तर मी लेख लिहिला नसता. अभिमानाचे लेख आपण पुष्कळ वाचतो. पण बसची पाटी ही दुकानाच्या पाटीसारखी नाही. दुकानाची पाटी वाचता आली नाही तर माणूस आत डोकावून पाहतो. बसची पाटी धावत येते, दोन मिनिटे थांबते आणि निघून जाते. तेवढ्या वेळात ती वाचता आली पाहिजे, नाही तर गाडी गेली.

कंडक्टर शिकतो, पाटी शिकत नाही

त्याच तासात आणखी एक गोष्ट पाहिली. पणजीच्या खासगी गाड्यांवरचे कितीतरी पोरगे आज आपल्याकडचे, उत्तर कर्नाटकातले आहेत. आपसात ते कन्नड बोलतात. पण गाडीत "फुडें वच, फुडें वच" हे त्यांचे पालुपद अस्सल कोकणीत चालते आणि गावांची नावे ते गावच्या माणसासारखीच घेतात. बांबोळीला बांबोळी, शिवोलीला शिवोली. एकाला मी विचारले, कोकणी कुठे शिकलास? तो म्हणाला, "कुठं शिकायचं साहेब? गाडीतच."

त्याला कोणी सक्ती केली नव्हती. त्याच्या विरोधात मोर्चा निघाला नव्हता. त्याचे पोट उतारूंवर आहे आणि उतारू ज्या भाषेत बोलतात ती त्याने उचलली. तीन-चार महिन्यांत एक कानडी मुलगा जे शिकतो, ते वर्षानुवर्षे त्याच रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची पाटी का शिकत नाही? कारण कंडक्टरला उतारू विचारतात, पाटीला कोणी जाब विचारीत नाही. आणि जाब विचारण्याचे काम ज्यांचे आहे, त्यांना तो प्रश्न किरकोळ वाटतो.

'कदंब' या नावाची आठवण

गोव्यात सरकारी बससेवा उशिरा आली. महाराष्ट्रात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण त्यानंतरही जवळजवळ दोन दशके तिथली वाहतूक खासगी मालकांच्याच हाती होती. लाकडी बाके, कोंबून भरलेली माणसे, टपावर माशांच्या पाट्या आणि भाजीची ओझी, असा तो प्रवास ज्यांनी केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. १९७८-७९ साली गोव्याच्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून मोठे आंदोलन केले. त्यानंतर १९८० मध्ये 'कदंब वाहतूक महामंडळ' अस्तित्वात आले.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याच्या खिशात पूर्ण भाडे नाही त्यालाही गाडीत बसण्याचा हक्क आहे, या मागणीतून गोव्यात सार्वजनिक बसचा विचार पुढे आला. सार्वजनिक बस आणि खासगी बस यांत फरक रंगाचा नाही. खासगी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, रस्त्यावर दुसरीशी शर्यत लावते आणि उतारू कमी झाले की दिवेलागणीला घरी जाते. हा तिचा दोष नव्हे, तो तिचा हिशेब आहे. सार्वजनिक गाडीने मात्र रिकामी असली तरी वेळेवर सुटायचे असते, कारण शेवटच्या थांब्यावर एखादी परिचारिका किंवा हॉटेलातले काम संपवून निघालेला एखादा मुलगा तिची वाट पाहत उभा असतो.

कदंबच्या शटल सेवेचे मला नेहमी कौतुक वाटते. पणजी-म्हापसा, पणजी-मडगाव, पणजी-वास्को या मार्गांवर खिडकीवर रांगेने तिकीट घ्यायचे, आसन मिळेल तेवढ्यांनीच चढायचे आणि वाटेत न थांबता थेट उतरायचे. अक्कालाही शटल आवडते. कारण विचारले तर म्हणाली, "तिथं खिडकीत माणूस असतो. म्हापसा म्हटलं की तिकीट देतो. पाटी वाचायची गरजच नाही." सेवा चांगली असेल तर पाटीचा दोष झाकला जातो, असा याचा अर्थ. पण शटल सगळीकडे जात नाही. बांबोळी, मेर्शी, चिंबल येथल्या थांब्यांवर माणसाला पाटीचाच आधार असतो.

आता तर चित्र आणखी बदलते आहे. पणजी शहरात विजेवर चालणाऱ्या सरकारी बसेस आल्या आहेत. २०२३ मध्ये 'म्हजी बस' नावाची योजना आली; तिच्यात खासगी मालकांच्या गाड्या कदंबच्या व्यवस्थेखाली चालवण्याची कल्पना आहे. योजनेचे नाव चक्क कोकणी आहे, 'माझी बस'. नाव ठेवणाऱ्यांचे अभिनंदन! पण बस 'माझी' केव्हा होते? तिच्या कपाळावर लिहिलेले मला वाचता येते तेव्हा. नाहीतर ती 'म्हजी' नव्हे, 'तांची' राहते.

आणि 'कदंब' या नावाचा तरी विचार करावा. ज्या राजवंशाचे नाव या महामंडळाने घेतले, त्या गोव्याच्या कदंबांची राजधानी आधी चांदोरला आणि नंतर गोपकपट्टण येथे होती, आणि त्यांच्या सत्तेचे दुसरे मोठे ठाणे होते आपल्या खानापूर तालुक्यातले हलशी. हलशीचे नृसिंहाचे देऊळ पाहून आलेल्या वाचकांना हे सांगायला नको. घाटावर आणि घाटाखाली राज्य करणाऱ्या घराण्याचे नाव लावलेली गाडी घाटावरून लग्न होऊन आलेल्या बाईला कळत नाही, हे शोभत नाही.

कायदा आड येत नाही

कोणी म्हणेल, गोव्यात भाषेचा प्रश्न नाजूक आहे. पाटीवर देवनागरी आली की मराठी की कोकणी हा वाद पुन्हा पेटेल. हा वाद लहान नव्हता, हे मान्य आहे. १९६७ च्या जनमत कौलापासून १९८७ पर्यंत गोव्याचे सारे राजकारण त्याभोवती फिरले आणि १९८६ च्या आंदोलनात माणसांचे जीवही गेले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीचाही वापर करण्याची तरतूद झाली. मराठीला पूर्ण राजभाषेचे स्थान हवे ही मागणी गोव्यात आजही होते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक आहेत. तो विषय मोठा आहे आणि तो गोमंतकीयांनी आपसात सोडवायचा आहे.

पण बसच्या पाटीपुरता हा वाद उरतच नाही, हीच तर गंमत आहे! पणजी कोकणीतही पणजी आणि मराठीतही पणजी. बांबोळी, साखळी, ताळगाव, चिंबल यांतही फार तर एका अनुस्वाराचा फरक. पाटीवर म्हापसा लिहिले काय किंवा म्हापशें लिहिले काय, अक्काला गाडी कळल्याशी कारण. गावचे लोक गावाला जे म्हणतात ते देवनागरीत लिहावे, एवढ्यावर दोन्ही भाषांच्या माणसांना एकमताने सही करता येईल. ज्या लिपीने एरवी भांडण लावले असे आपण समजतो, तीच लिपी इथे दोघांना एका बाकावर बसवते.

रोमन अक्षरे काढून टाका, असेही आम्ही म्हणत नाही. सासष्टीतले कितीतरी ख्रिस्ती गोमंतकीय रोमन लिपीतच कोकणी वाचतात. त्यांच्या प्रार्थना आणि त्यांची तियात्रे त्याच लिपीत आहेत. त्यांचीही ती बस आहे. पर्यटकांनाही इंग्रजी लागते. म्हणून रोमन राहू द्या. पुसण्याची मागणी नाही, जोडण्याची आहे. बसच्या काचेची रुंदी दोन लिप्या मावतील एवढी नक्कीच असते.

कायद्याचे म्हणाल तर तोही आड येत नाही. गाडीचा नंबर इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहिण्याचे बंधन केंद्राच्या नियमांत आहे. ते देशभर सारखेच. पाटीवर तसे बंधन नाही. उलट, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतुकीच्या परवान्याला अटी जोडण्याचा अधिकार परिवहन अधिकाऱ्यांना दिला आहे. भाड्याचा तक्ता आणि वेळापत्रक गाडीत व थांब्यावर लावण्याची अट त्याच कायद्यात नमूद आहे. ज्या हाताने ती अट घातली जाते त्याच हाताने 'पुढची व बाजूची पाटी देवनागरीतही असावी' ही एक ओळ घालता येईल. त्यासाठी आयोग नको, अभ्यास समिती नको.

पूर्वी खर्चाची सबब असे. रंगारी बोलवा, पत्रा रंगवा, मार्ग बदलला की पुन्हा रंगवा. आता नव्या गाड्यांना दिव्यांची पाटी असते. तिच्यावरची अक्षरे बदलायला रंगही लागत नाही आणि ब्रशही. एकदा नाव देवनागरीत भरून ठेवले की काम झाले. मुंबईच्या 'बेस्ट'ने तर दिव्यांची पाटी येण्याच्या कितीतरी आधीपासून गाडीच्या पुढच्या पाटीवर मार्गाचा आकडा आणि गावाचे नाव देवनागरीत ठेवले आणि बाजूला इंग्रजी ठेवले. सगळ्या देशातून माणसे जिथे येतात त्या शहरात हे चालते, तर पणजीत का चालू नये?

राहिला एक युक्तिवाद, की गोवा सुशिक्षित आहे. खरे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या पुढे होती. पण साक्षर म्हणजे कोणत्या अक्षरांत? अक्का त्या ८८ टक्क्यांतच मोजली गेली आहे. जनगणनेच्या कागदावर ती साक्षर आहे आणि बसस्टँडवर निरक्षर. एका माणसाला सरकारने दोन ठिकाणी दोन प्रकारे मोजावे, हे बरोबर नव्हे.

आता आपल्या अंगणात पाहू

इथवर वाचून बेळगावचा वाचक म्हणेल, गोव्याचे हे सारे ठीक आहे, पण आमच्या सीबीटीवर काय चालले आहे ते लिहा. लिहितो. हा लेख बेळगावात छापला जातो तो त्यासाठीच.

खानापूर तालुक्यातल्या गावाहून भाजीची बुट्टी घेऊन येणारी बाई आणि पणजीच्या स्टँडवरची माझी अक्का यांच्यात काही फरक नाही. तिलाही वाचता येते, पण समोर येणाऱ्या गाडीची पाटी कन्नडमध्ये असते आणि ती शेजाऱ्याला विचारते, "ही कुठली गाडी?" सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण त्या बाईला आजची संध्याकाळची गाडी पकडायची आहे. १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने जे निवेदन मान्य केले, त्यात ज्या भागात पंधरा ते वीस टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे असतील तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे आहे. राज्यघटनेच्या ३५० ब कलमाने त्यावर देखरेख ठेवायला एक अधिकारीही नेमला आहे. बस कुठे जाते, याहून रोजच्या जगण्याला महत्त्वाची सूचना दुसरी कोणती? कन्नड पाटी काढा असे इथेही म्हणायचे नाही. तिच्याखाली मराठी ओळ असावी, एवढेच म्हणायचे आहे.

पण मागणी करणाऱ्याने आपले हात स्वच्छ ठेवायचे असतात. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बेळगाव तालुक्यात एका बस कंडक्टरला मराठी येत नाही यावरून मारहाण झाल्याची तक्रार झाली. त्याच्या पाठोपाठ कर्नाटकात महाराष्ट्राच्या एस.टी.च्या चालकाला गाठून काळे फासण्यात आले आणि दोन राज्यांमधली बससेवा थांबली. यात जिंकले कोण? कंडक्टर हा महिन्याच्या पगारावर दिवसभर उभा राहणारा माणूस. पाटी कोणत्या भाषेत असावी हे त्याने ठरवलेले नसते. भाषेच्या धोरणाचा राग त्याच्यावर काढणे म्हणजे टपाल उशिरा आले म्हणून पोस्टमनला मारण्यासारखे आहे. आणि गाड्या बंद पडल्या तेव्हा अडकली कोण? तीच बुट्टीवाली बाई, कोल्हापूरला दवाखान्यात निघालेला म्हातारा, परीक्षेला निघालेली मुलगी. कन्नड बोलणारेही आणि मराठी बोलणारेही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपली माणसे गेली, ती जखम आपण विसरलो नाही. पण त्या जखमेची किंमत एका कंडक्टरकडून वसूल करता येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. आपण बेळगावात जे मागतो ते सोलापूर आणि सांगलीकडच्या कन्नड भाषिकांना मिळावे, असे आपण कधी म्हटले आहे काय? अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कन्नड बोलणारी गावे आहेत. तिथल्या म्हातारीला एस.टी.ची मराठी पाटी वाचता येत नसेल तर तिची गाडीही तशीच चुकते. तिच्यासाठी पाटीवर एक कन्नड ओळ लिहावी, ही मागणी बेळगावच्या मराठी माणसाने पहिल्यांदा केली, तर त्याच्या स्वतःच्या मागणीला जे वजन येईल ते शंभर मोर्च्यांनी येणार नाही. न्याय हा एकाच काट्याने मोजला तर न्याय. काटा गावागावाला बदलला तर तो बाजार.

मागणे थोडेच आहे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. बेळगावात आणि पणजीतही पेढे वाटले गेले असतील. आनंदाची गोष्ट आहे. पण भाषेचा दर्जा दिल्लीच्या कागदावर जेवढा वाढतो तेवढाच तो बसस्टँडवर कमी होत असेल, तर त्या आनंदाचे काय करायचे? जी भाषा ग्रंथात आहे पण गाडीच्या कपाळावर नाही, ती भाषा हळूहळू देवघरात जाऊन बसते. देवघरात तिला फुले मिळतील. उतारू मिळणार नाहीत.

म्हणून मागणे थोडे आणि रोकडे असावे. पणजीत धावणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक गाडीवर, ती महामंडळाची असो वा परवान्यावरची खासगी असो, शेवटच्या गावाचे नाव आणि वाटेवरची मोठी नावे देवनागरीत ठळकपणे असावीत. रोमन अक्षरे तशीच राहावीत. थांब्यावरचे वेळापत्रक आणि भाड्याचा तक्ता उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच लिपीत असावा. गावाचे नाव गाव जसे उच्चारते तसे लिहावे. दिव्यांच्या पाट्या आहेत त्या गाड्यांपासून सुरुवात करावी, कारण तिथे पैशाची सबब नाही. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, जत, अक्कलकोट इथे याच मापाने दुसऱ्या भाषेची एक ओळ असावी.

यासाठी कोणाला सत्ता बदलावी लागणार नाही की सीमा हलवावी लागणार नाही. एका परिपत्रकाचे काम आहे. पण परिपत्रक आपोआप निघत नाही. गोव्यातल्या वाचकांनी, मराठीवाल्यांनी आणि कोकणीवाल्यांनी मिळून, एका निवेदनावर सह्या करून ते परिवहन खात्याकडे द्यावे. तीस-चाळीस वर्षांत या दोघांची सही एका कागदावर क्वचितच दिसली असेल; ती दिसली तरी पुष्कळ झाले म्हणायचे.

अक्काची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुलाने तिला एका कोऱ्या पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरांत 'बी' पासून 'एम' पर्यंतची ती इंग्रजी अक्षरे काढून दिली आहेत. गाडी आली की ती कार्ड वर धरते आणि पाटीवरची अक्षरे एक एक करून ताडून पाहते. मला ते कार्ड तिने दाखवले. म्हणाली, "आता नाही चुकणार."

तिचे चुकणार नाही. पण आयुष्यभर वाचत आलेल्या बाईला या वयात कार्ड हातात धरून आपल्याच राज्यातल्या, आपल्याच तालुक्याशेजारच्या गावाचे नाव ताडून पाहावे लागते, यात चूक कोणाची, हे आता दुसऱ्या कोणीतरी ठरवायला हवे.